मातीचे घर : कुणाची हौस, कुणाची शिक्षा?

गेल्या उन्हाळ्यात पुणे जिल्ह्यातील एका शेतघरावर 'निसर्गघर बांधणी'ची तीन दिवसांची कार्यशाळा भरली होती. संयोजकांपैकी एक आमचे स्नेही. "वकीलसाहेब, तुम्ही वस्त्यांच्या घरांची प्रकरणे चालवता, एकदा येऊन पाहा तरी," असा त्यांचा आग्रह. गेलो. संगणक कंपन्यांत नोकरी करणारी तरुण मंडळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखल तुडवत होती. कुणी त्यात गव्हाचे काड टाकत होते, कुणी फोटो काढत होते. चिखल मुरला की नाही हे सांगायला जवळच्या वस्तीवरून साठी उलटलेली एक बाई बोलावली होती. तिने मूठभर चिखल उचलला, वास घेतला, बोटात चुरून पाहिला आणि म्हणाली, "आजून दोन दिस मुरू द्या." सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतले.

तिसऱ्या दिवशी समारोप झाला. चिखल तुडवणाऱ्यांना प्रमाणपत्रे मिळाली. चिखल शिकवणाऱ्या बाईला तीन दिवसांचा रोज मिळाला. आम्ही तिला विचारले, "बाई, तुमचे स्वतःचे घर कसले?" ती पदर सावरून ताठ उभी राहिली. "आमचं स्लॅबचं हाय."

त्याच समारोपात एका वास्तुविशारदांनी भाषणात सांगितले की, आपले पूर्वज निसर्गाशी एकरूप होते म्हणून मातीच्या घरात राहत. आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो. मनात आले, कुणाचे पूर्वज? आमचे पूर्वज मातीच्या घरात राहत होते ते एकरूपतेमुळे नव्हे. त्यांनी कौले घातली असती तर गावाने ती उतरवली असती, म्हणून.

ही आमच्या मनाची कल्पना नाही. अस्पृश्यांच्या खेड्यातील जगण्याविषयी लिहिताना बाबासाहेबांनी गावाने त्यांच्यासाठी ठरवलेल्या अपराधांची यादीच दिलेली आहे. जमीन आणि गुरे बाळगणे हा अपराध, स्वच्छ कपडे आणि दागिने घालणे हा अपराध, तसेच घरावर कौले घालणे हाही अपराध. कायद्याचा अभ्यास करताना आम्ही कलमे पाठ केली, पण कायदा छपरातही असतो हे आम्हाला त्या यादीने शिकवले. कुणाच्या भिंतीला घडीव दगड, कुणाच्या भिंतीला नुसता चिखल, कुणाच्या डोक्यावर कौल आणि कुणाच्या डोक्यावर पाचट, हे हवामानाने ठरवलेले नव्हते. एकाच गावात, एकाच पावसात, एकाच उन्हात ही विभागणी होती.

मातीचेच पाहा. गावगाड्यात जमिनीचे दोन भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख आणि विरघळलेल्या भिंती साचून गावठाणाची माती पांढुरकी, चिकट, पाणी अडवणारी होते. माळवदावर घालायला तीच हवी. तेरसारख्या ठिकाणी अशाच पांढरीच्या टेकाडांतून सातवाहन काळाचे अवशेष निघाले, म्हणजे या मातीत दोन हजार वर्षांची वस्ती मुरलेली आहे. महारवाडा मात्र पांढरीच्या कडेला, गावकुसाबाहेर. आणि गावकुसाची, चावडीची डागडुजी कोण करी? महारांच्या वतनी कामांत तेही एक काम होते. ज्या भिंतीच्या बाहेर आम्हाला ठेवले होते, तिला चिखल लावण्याची वेठ आमच्याच आजोबा-पणजोबांची. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कनिष्ठ वतने रद्द करणाऱ्या कायद्याने ती वेठ कागदावरून गेली.

तेव्हा आमच्या वस्तीत 'स्लॅब' हा शब्द ज्या अभिमानाने उच्चारला जातो, त्याला हसण्याचा अधिकार कुणालाही नाही. पर्यावरणाच्या नावाने तर मुळीच नाही. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे हे आम्हीही वाचतो. पण हे सिमेंट उड्डाणपुलांत, मॉलमध्ये आणि चाळीस मजली मनोऱ्यांत किती गेले आणि आमच्या अडीचशे-तीनशे चौरस फुटांच्या घरकुलांत किती गेले, याचा हिशेब आधी मांडा. मग आम्हाला मातीचे महत्त्व सांगायला या.

पण एवढे बोलून थांबलो तर आम्ही अर्धेच बोललो असे होईल. चळवळीच्या पानावर अर्धे बोलू नये.

आमच्या आजीचे घर मराठवाड्यातल्या एका खेड्यात होते. भेंड्याच्या भिंती, म्हणजे चिखलाचे साच्यात पाडून उन्हात वाळवलेले ठोकळे. वर माळवद. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडव्या काड्या, त्यावर लिंबाचा पाला, मग चिखल आणि शेवटी चोपून बसवलेली पांढरी माती. लिंबाचा पाला कशाला, तर किडा-वाळवी लागू नये म्हणून. मे महिन्याच्या भर दुपारी आम्ही पोरे त्या घरात झोपत होतो. जाड मातीची भिंत दिवसभर ऊन पिते, ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि रात्री ती हळूहळू निवते. शिवाय माती हवेतली ओल घेते आणि सोडते. यात काही गूढ नाही, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातले उष्णतेचे नियम आहेत. आता त्याच वस्तीत पत्रा आहे. दुपारी बारानंतर पत्र्याखाली माणूस बसू शकत नाही. स्लॅबचे घर दिवसा तापते आणि रात्रभर ओकते. म्हातारी माणसे अंगणात, समाजमंदिराच्या सावलीत, झाडाखाली दिवस काढतात. आमची बुद्धविहारे तरी वेगळी कुठे आहेत? वैशाख पौर्णिमेला स्लॅबखाली वंदना घेताना भंतेजींचे चीवर घामाने भिजते. हे आमचे आम्हीच बांधलेले आहे.

म्हणजे माती वाईट नव्हती. लादलेली होती, हा तिचा दोष. आणि लादणाऱ्यांनी ती आमच्या जातींच्या हातांतूनच घडवून घेतली. दगड फोडला वडाराने, माती वाहिली बेलदाराने, कौले भाजली कुंभाराने, बांबू चिरून कूड आणि तट्ट्या विणल्या बुरुडाने. किल्ल्यांचा आणि वाड्यांचा चुना घाणीत मळला जाई, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचे पाणी घालत. कोणत्या चुन्याला किती पाणी हे ज्याला कळत होते, त्याला कुणी अभियंता म्हटले नाही. आज भट्टीवर विटा पाडणारे कुटुंब उचल घेऊन सहा-सहा महिने अडकते. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा त्यांच्यापर्यंत कसा पोचतो, हे आम्ही कोर्टात पाहतो.

यात बाईचे काम तर कुणी मोजतच नाही. मातीचे घर एकदा बांधून होत नाही, ते दरवर्षी बांधावे लागते. पावसाळ्याआधी माळवदावर माती घालणे, दिवाळीआधी भिंतींना पोतेरे, जमिनीला चार दिवसांआड सारवण. हे सगळे बाईने, मजुरीवरून आल्यावर करायचे. मातीच्या घराची कविता करणाऱ्या पुरुषांनी एक वर्ष स्वतः सारवून पाहावे, मग बोलावे.

आता शेणाविषयी. कार्यशाळेत एक गृहस्थ वारंवार 'पवित्र गोमय' म्हणत होते. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या एका महाविद्यालयात प्राचार्यांनी वर्गाच्या भिंती स्वतः शेणाने सारवल्या आणि त्यावर मोठा गदारोळ झाला, तो वाचकांना आठवत असेल. शेणात गवताचे बारीक तंतू असतात, ते माती धरून ठेवतात, भेगा कमी पडतात. तेवढा त्याचा गुण आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. पण १९२७ मध्ये महाडला माणसांनी पाणी प्यायले म्हणून चवदार तळे शेण-गोमूत्र ओतून 'शुद्ध' करण्यात आले, हे आम्ही विसरू शकत नाही. ज्या रमाईने गोवऱ्या थापून संसार ओढला, तिच्या हातांना लागलेले शेण कुणी पवित्र म्हटले नव्हते. तेव्हा बांधकामाचे साहित्य म्हणून शेणाची चर्चा जरूर करा. त्याच्या नावाने सोवळे परत आणू नका.

साहित्याकडे कसे पाहावे याचा धडा आम्हाला दुसरीकडे जाऊन शिकायची गरज नाही. विनयपिटकात धनिय भिक्खूची कथा आहे. हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ त्याने गवताची कुटी बांधली. तो भिक्षेला गेला की गवत-लाकूड वेचणाऱ्या बाया ती मोडून नेत. असे तीनदा झाले. शेवटी तो म्हणाला, मला माझ्या धंद्याचे कसब आहे, मी सबंध मातीचीच कुटी करतो. त्याने चिखल मळून कुटी उभारली, गवत, लाकूड आणि शेण रचून ती बाहेरून भाजली. मृगाच्या किड्यासारखी लाल, देखणी कुटी झाली. भगवान बुद्धांनी ती गृध्रकूटावरून उतरताना पाहिली आणि मोडायला सांगितली. कारण काय? ती भाजताना किती जीव मेले, याची त्याला कणव नाही. आम्ही वकील असल्यामुळे आम्हाला ही कथा एखाद्या निकालपत्रासारखी वाटते. आरोपीचा कुंभारपणा हा इथे दोष नाही, माती हाही दोष नाही. प्रश्न एवढाच की या घरासाठी कुणाचा जीव गेला.

त्याच विनयात पुढे चुल्लवग्गात निवासाचे नियम आहेत, ते तर गवंड्याने वाचावेत असे आहेत. पाच प्रकारचे निवास चालतील. छपराला कौल, दगड, चुना, गवत किंवा पाने, काहीही चालेल. पाणी आत शिरते अशी तक्रार आली, तर जोते उंच करा, ते विटेचे, दगडाचे किंवा लाकडाचे करा. खडबडीत भिंतीवर पांढरा रंग धरत नाही, तर आधी भुशाचा लेप द्या. प्रत्येक वेळी भिक्खूंनी अडचण सांगितली आणि बुद्धांनी नियम वाढवला किंवा बदलला. परंपरेत असे आहे म्हणून असेच करा, असे कुठेही नाही. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू आहेत. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे २०१६ मध्ये संशोधकांनी प्रसिद्ध केले. कार्ल्याच्या चैत्यात दगडी कमानीखाली लाकडी फासळ्या अजून आहेत, कारण कारागीर लाकडात जे जाणत होते ते त्यांनी दगडात नेले. तेव्हा निसर्गाच्या साहित्याने बांधण्याचा वारसा सांगायचाच असेल, तर आमचाही आहे. तो प्रयोगाचा वारसा आहे.

आणि प्रयोग न करता नुसती परंपरा चालवली की काय होते, ते आम्ही मराठवाड्यात पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती. किल्लारी आणि परिसरातली गावे चारच्या सुमारास झोपेत होती. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांना भूकंपाने मारले त्यापेक्षा घरांनी मारले. दोन-तीन फूट, कुठे त्याहून जाड दगडी भिंती, पण त्या आतून दोन वेगळ्या थरांच्या, मध्ये नुसता चिखल आणि खडी. दोन्ही थरांना आरपार बांधणारा जोडदगड नाही. वर माळवद, ज्यावर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती पडत गेली आणि जुनी कुणी काढली नाही, म्हणून एकेक छप्पर फूट-दोन फूट जाडीचे झालेले. हादरा बसताच भिंतीचे थर फुटून बाहेर पडले आणि ते ओझे खाली आले. जिथे लाकडी खांबांवर छप्पर स्वतंत्र उभे होते तिथे भिंती पडूनही माणसे वाचली. हलक्या छपराच्या झोपड्या तर बहुतेक तगल्या.

गंमत पाहा, त्याच १९९३ मध्ये भारतीय मानक संस्थेने मातीच्या घरांसाठी भूकंपरोधक बांधणीचे मानक काढले, आयएस १३८२७. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीपेक्षा जास्त नको, दारे-खिडक्या कोपऱ्यापासून दूर आणि लहान हव्यात, भिंतीभोवती लाकडाचा किंवा बांबूचा आडवा पट्टा हवा, छप्पर हलके हवे. म्हणजे मातीचे घर सुरक्षित बांधता येते, हे सरकारच्याच एका संस्थेने लिहून ठेवले आहे.

पण किल्लारीनंतर पुनर्वसनात काय झाले? जागतिक बँकेच्या मदतीने बावन्न गावे नव्या जागी वसवली. घराचे क्षेत्र कसे ठरले? कुटुंबात माणसे किती, यावर नाही. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला चारशे, सात हेक्टरच्या वर जमीन असणाऱ्याला साडेसातशे. भूकंपाने वाडा आणि झोपडी एका रात्रीत सारखी केली होती, शासनाने सातबारा पाहून ती पुन्हा वेगळी केली. भूमिहीन कोण असतो, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. भिंत सिमेंटची आली, मोजपट्टी जुनीच राहिली.

ही मोजपट्टी अजून कशी चालते, त्याचे एक प्रकरण सध्या आमच्याकडे आहे. आमच्या तालुक्यातल्या एका मावशी. नवरा वारलेला, मुलगा साखर कारखान्याच्या टोळीत. आठ खणांचे माळवदाचे घर. घरकुल मंजूर झाले. 'आधी जुने पाडा, मग पहिला हप्ता' असे सांगितले गेले. त्यांनी पाडले. पहिल्या हप्त्यात जोते झाले. पुढचा हप्ता अडला, कारण ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घर अजून मयत दिराच्या नावावर. दोन उन्हाळे मावशी चार पत्र्यांच्या आडोशाखाली आहेत. सपाट भागातल्या घरकुलाचे अनुदान एक लाख वीस हजार. आजच्या सळई-सिमेंटच्या भावात उरलेले पैसे कुठून येतात? सावकाराकडून किंवा बचत गटाच्या कर्जातून.

मावशी आमच्याकडे आल्या त्या हप्त्यासाठी. बोलता बोलता म्हणाल्या, "भाऊ, माझी माती हितंच पडलीया, तुळया हायेत. भिती मातीच्याच का नाही घेऊ देत? निदान खर्च तर वाचल." आम्ही कागद काढले. योजनेच्या मार्गदर्शक चौकटीत पक्क्या घराची व्याख्या आहे, नीट देखभालीने किमान तीस वर्षे टिकेल असे घर. सिमेंटचेच हवे असे त्यात नाही. उलट स्थानिक साहित्यातल्या घरांचे नमुने लाभार्थ्यांना दाखवावेत असे म्हटले आहे आणि त्यासाठी केंद्राने 'पहल' नावाचा नमुन्यांचा संग्रहही काढलेला आहे. हे सगळे घेऊन आम्ही संबंधित अभियंत्यांकडे गेलो. तरुण मुलगा, प्रामाणिक. म्हणाला, "साहेब, तुमचे बरोबर असेल, पण माझ्याकडे एवढाच नकाशा आहे. मातीची भिंत फोटोत दिसली की कच्चे घर म्हणून परत येते."

वस्तीतल्या बैठकीत आमच्याच एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला अडवले. "सर, तुम्ही आमच्या माणसाला पुन्हा मातीत घालताय. उद्या सरकार म्हणेल, यांना मातीच पुरते." त्याचा राग खरा होता. आम्ही त्याला एवढेच सांगितले की ही मागणी आमची नाही, मावशींची आहे. कुणाला स्लॅब हवा असेल तर त्याला स्लॅब मिळावा म्हणूनही आम्ही तितकेच भांडू. डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग खटल्यात निवाऱ्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. खटला कशाचा होता? उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींच्या घरांसाठी जमीन संपादित केली, म्हणून जमीनमालक कोर्टात गेले होते. त्यात न्यायालयाने म्हटले की निवारा म्हणजे नुसते डोक्यावरचे छप्पर नव्हे; पुरेशी जागा, सुरक्षित बांधणी, हवा, उजेड, पाणी हे सगळे त्यात येते. जी बाई चाळीस वर्षे भिंती लिंपत आली तिने आपली भिंत कशाची असावी हे ठरवले, तर ते या हक्काबाहेर कसे जाते?

त्या कार्यकर्त्याला हे पटले असे आम्ही म्हणणार नाही. तो म्हणाला, "मग गवंडीकाम करणाऱ्या आपल्या पोरांना हे शास्त्र शिकवा, त्यांना प्रमाणपत्र द्या, शहरातल्या बंगल्यांची कामे त्यांना मिळू द्या. नाहीतर माती आपली आणि पैसा त्यांचा." या मुद्द्यावर तो आमच्या पुढे होता. केरळात लॉरी बेकर यांनी कमी खर्चाच्या घरांची पद्धत रुजवली, तेव्हा गवंड्यांना शिकवण्यावर त्यांचा भर होता. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी त्यांची भिंत सुमारे पाव हिस्सा विटा वाचवते आणि ती बांधायला शिकलेला गवंडी लागतो. आमच्याकडे शिकवणारी बाई रोजंदारीवर असते आणि शिकणारा शुल्क भरून येतो. शेतघरावरच्या त्या बाईंना आम्ही विचारून ठेवले आहे. आमच्या तालुक्यात दहा-बारा पोरांना चार दिवस शिकवायला त्या तयार आहेत. मानधन त्यांनीच सांगितले आहे आणि ते आम्ही वर्गणीतून उभे करतो आहोत.

नमुना आठवरच्या नोंदीचा दावा लागला आहे. घराच्या आराखड्याचा अर्जही पंचायत समितीकडे दिला आहे. मातीच्या भिंती, जोत्याला आणि चौकटीच्या वर काँक्रिटचे आडवे पट्टे, सोबत मानकाची प्रत. मावशींच्या तुळया पत्र्याच्या आडोशाला रचून ठेवलेल्या आहेत. वाळवी लागू नये म्हणून त्या दर महिन्याला त्यांना जळके ऑईल लावतात. अर्ज लिहून झाल्यावर आम्ही तो त्यांना वाचून दाखवला. सगळा ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "एक राह्यलं. वर कवलं पायजेत, ते लिवा." लिहिले.